तालुका बोर्डातील एक आसन

नगरपालिकेच्या किंवा पंचायत समितीच्या सभासदाची कारकीर्द मोजण्याची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. त्याने किती रस्त्यांवर खडी पाडली, किती विहिरी खोदविल्या, शाळेच्या किती खोल्या उभ्या केल्या आणि नळाचे पाणी कोणत्या आळीपर्यंत नेले, याचा हिशेब मांडला की मूल्यमापन पुरे झाले, असे आपण समजतो. ही मोजपट्टी चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. स्थानिक स्वराज्य संस्था जन्मास आल्या त्या याच कामांसाठी. परंतु या मोजपट्टीत न मावणारीही एखादी कारकीर्द असते. महाड तालुक्याच्या इतिहासात अशी एक कारकीर्द आहे. ती गोपाळबाबा वलंगकर यांची. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. तिच्यामुळे बोर्डाचे वरिष्ठ जातींतील सभासद नाराज झाले आणि वृत्तपत्रांतून वादाला तोंड फुटले. एका माणसाच्या बसण्याने एवढी खळबळ का माजावी, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे स्थानिक कारभाराचा खरा अर्थ हाती लागतो.

खाडीपट्ट्यातील दोन पाणी

सावित्री नदी महाड शहर मागे टाकून पश्चिमेकडे निघाली की तिला समुद्राची चाहूल लागते. भरतीचे पाणी आत शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. या पात्राच्या आश्रयाने वसलेल्या गावांना खाडीपट्टा म्हणतात. तुडील याच पट्ट्यातले, आणि गोपाळबाबांचे रावढळही याच पट्ट्यातले. येथील माणसाला दोन पाण्यांची ओळख जन्मापासून असते. एक खाडीचे खारे पाणी, जे डोळ्यांपुढे अफाट असते पण ओठांना लावता येत नाही. दुसरे विहिरीचे आणि तळ्याचे गोडे पाणी, जे मोजके असते. पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखे कोसळते, पण ते सारे पाणी उतारावरून खाडीला मिळते आणि चैत्र-वैशाखात बायकांच्या डोक्यावरचे हंडे कोसभर चालू लागतात. अशा मुलखात गोड्या पाण्याची जागा कोणाच्या ताब्यात आहे, यावर गावातील माणसाची किंमत ठरते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खाडीच्या पाण्याची मनाई कोणी केली नव्हती. मनाई होती ती गोड्या पाण्याची.

अशा परिसरात, महार समाजातील एका कुटुंबात, १८४० च्या सुमारास गोपाळबाबांचा जन्म झाला. त्या काळी या समाजातील तरुणापुढे गावकीचे काम आणि त्याबद्दल मिळणारे बलुते यापलीकडे फारसे काही नव्हते. एकच दार उघडे होते, ते फौजेचे. कंपनी सरकारच्या दिवसांपासून मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपाई होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत त्यांनी पराक्रम केला होता आणि कोकणातून, विशेषतः रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतून, त्यांची भरती होत असे. गोपाळबाबा याच वाटेने गेले आणि १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले.

फौजेने या माणसांना केवळ पगार दिला नाही. पलटणीत शिपायांसाठी व त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. अक्षरओळख, हिशेब, हुकूम वाचणे, अर्ज लिहिणे या गोष्टी तेथे शिकता येत. महत्त्वाची बाब अशी की फौजेत पद गुणावर आणि सेवाकाळावर मिळे. पंचवीस-तीस वर्षे गणवेषात वावरलेला माणूस पेन्शन घेऊन गावी परते, तेव्हा त्याच गावात त्याला पुन्हा वेशीबाहेर उभे राहावे लागे. या विसंगतीचा दाह ज्यांना प्रथम जाणवला आणि ज्यांना तो कागदावर मांडता आला, त्या पिढीचे गोपाळबाबा हे अग्रणी.

पुण्याचा धडा

निवृत्तीनंतर ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराकडे वळले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने धर्मविधीतील मध्यस्थाची आवश्यकता नाकारली होती आणि शूद्र व अतिशूद्र यांच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. फुले यांचे चरित्र आपल्याला शाळांच्या संदर्भात ठाऊक असते. ते १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते, ही बाजू त्या मानाने कमी बोलली जाते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा अशी भूमिका घेऊन त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. दारूची दुकाने वाढण्याविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. भाजीबाजाराची मोठी इमारत बांधण्यासही त्यांचा विरोध होता, कारण शिक्षणाची गरज त्यांना अधिक निकडीची वाटत होती. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले, हा इतिहासाचा एक खेळच म्हणावयाचा.

त्याहूनही अर्थपूर्ण गोष्ट त्यांच्या घरातली आहे. १८६८ साली त्यांनी आपल्या घराजवळचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. नगरपालिकेचा ठराव नव्हता, सरकारचा हुकूम नव्हता. जे आपल्या अधिकारात आहे ते आधी खुले करावे आणि मग सार्वजनिक मालमत्तेविषयी बोलावे, हा क्रम त्यात होता. सार्वजनिक पैसा कोणाच्या गरजेवर आधी खर्च व्हावा आणि सार्वजनिक पाणी कोणाचे, हे दोन प्रश्न फुले यांनी पुण्यात विचारले. गोपाळबाबांनी तेच प्रश्न कोकणात नेले. फरक एवढाच की फुले हे प्रश्न हौदाच्या मालकाच्या जागेवरून विचारीत होते आणि गोपाळबाबा तहानलेल्याच्या.

दापोलीतील कार्यक्रम

निवृत्तीनंतर गोपाळबाबा दापोलीस राहिले. दापोली ही जुनी लष्करी छावणी. तेथे महार पेन्शनरांची वस्ती होती, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही पुढे काही काळ तेथे होते. या वस्तीत वाचणारे, लिहिणारे आणि सरकारी पत्रव्यवहाराची रीत जाणणारे लोक होते. गोपाळबाबांनी या बळाचा उपयोग केला. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लेखन केले. १८८८ च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसन’ या नावाने त्यांनी आपले म्हणणे प्रसिद्ध केले. त्यात वरिष्ठ वर्णीयांना उद्देशून सव्वीस प्रश्न होते.

प्रश्नांची ही पद्धत विचारात घेण्याजोगी आहे. गोपाळबाबा शिव्याशाप देत बसले नाहीत, की दयेची भीकही मागत बसले नाहीत. अस्पृश्यतेला आधार कोणता, असे त्यांनी विचारले. आधार धर्मग्रंथाचा असेल तर तो दाखवा, रूढीचा असेल तर तिचा आरंभ सांगा, असा या विचारण्याचा रोख होता. ज्याच्यावर आजवर सिद्ध करण्याचा बोजा होता, त्याने तो बोजा उचलून समोरच्याच्या खांद्यावर ठेवला. पुढे अर्धशतकाने मुंबईच्या उच्च न्यायालयात महाडच्या तळ्याचा खटला उभा राहिला, तेव्हा कायद्यानेही नेमका हाच प्रश्न विचारला. ते पुढे येईलच.

१८९० साली त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था स्थापन केली. हे नावच त्या काळच्या वैचारिक संघर्षाची साक्ष देते. अनार्य हा शब्द फुले यांच्या मांडणीतून आलेला. बाहेरून आलेल्यांनी मूळच्या रहिवाशांना जिंकून खालच्या पायरीवर ढकलले, असे ते प्रतिपादन होते. आज इतिहाससंशोधक या सिद्धान्ताकडे वेगळ्या नजरेने पाहतात. पण त्या काळी त्याचा परिणाम असा झाला की हीनपणा हा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नसून इतिहासात माणसांनी केलेली व्यवस्था आहे, हे सांगता येऊ लागले. माणसांनी जे केले ते माणसांना मोडताही येते.

या मंडळीच्या आणि पेन्शनरांच्या चळवळीच्या कामातून गोपाळबाबांच्या सार्वजनिक कार्यक्रमाची रूपरेषा दिसते. त्यात तीन गोष्टींना अग्रक्रम होता. पहिली शाळा. दापोलीच्या पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून १८९० नंतरच्या वर्षांत अर्ज-विनंत्यांचा लढा दिला. निष्पन्न काय झाले, तर मुलांना शाळेच्या ओटीवर बसण्याची मुभा मिळाली. मास्तर आत, फळा आत, आणि ही मुले ओटीवर. सार्वजनिक पैशावर चाललेल्या शाळेने त्यांना नाकारले नाही आणि स्वीकारलेही नाही. आपल्या स्थानिक संस्थांच्या इतिहासात या ओटीचे स्थान मोठे आहे. कायदा पाळल्याचे समाधान आणि रूढी न मोडल्याचे समाधान, ही दोन्ही एकाच वेळी मिळविण्याची ती जागा होती.

दुसरी गोष्ट रोजगाराची. १८९२-९३ च्या सुमारास सैन्यभरतीचे धोरण बदलले. लढाऊ आणि बिनलढाऊ जातींची विभागणी करून सरकारने महारांची भरती बंद केली. ज्या एका दाराने ही माणसे बाहेर पडली होती तेच दार बंद झाले. त्याबरोबर पलटणीची शाळा गेली, पेन्शन गेली आणि गावी परतणारा तो ताठ मानेचा हवालदारही गेला. याविरुद्ध १८९४ च्या सुमारास जो अर्ज तयार झाला, त्यामागे गोपाळबाबा आणि त्यांची मंडळी होती. भरती तेव्हा सुरू झाली नाही. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा हीच मागणी केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर तीही मोडण्यात आली. महार रेजिमेंटची स्थापना व्हावयास १९४१ साल उजाडावे लागले.

तिसरी गोष्ट सार्वजनिक जागेची, म्हणजे पाणवठा, रस्ता, धर्मशाळा आणि सभास्थान यांची. आणि याच टप्प्यावर तालुका लोकल बोर्ड त्यांच्या आयुष्यात येते.

आण्याचा हिशेब

१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचे धोरण जाहीर केले. त्यानुसार मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्ड कायदा झाला आणि जिल्हा व तालुका अशा दोन पातळ्यांवर बोर्डे आली. त्यांच्याकडे ग्रामीण रस्ते, विहिरी व तळी, धर्मशाळा, दवाखाने आणि प्राथमिक शिक्षण अशी कामे होती. उत्पन्नाचा मुख्य आधार होता लोकल फंडाचा कर. जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा, असा तो घेतला जाई. काही सभासद निवडून येत, काही सरकार नेमी. मताचा हक्क मालमत्ता व कर यांच्या अटींनी बांधलेला असल्यामुळे तो मूठभरांच्या हाती होता आणि बोर्डावर अधिकाऱ्यांचे वजन मोठे असे.

या एका आण्याकडे नीट पाहिले पाहिजे. महसूल जमिनीतून येतो आणि जमीन कसणाऱ्याच्या घामातून पिकते. त्या घामात महाराचा, कुळवाड्याचा, कातकऱ्याचा वाटा होता. म्हणजे लोकल फंडाची विहीर ज्या पैशातून बांधली जाई, त्यात त्या विहिरीवर ज्यांना चढू दिले जात नसे त्यांचेही श्रम होते. ज्या शाळेच्या ओटीवर त्यांची मुले बसत, ती शाळाही सार्वजनिक पैशावरच चाले. हा प्रश्न दयाबुद्धीचा नव्हता. तो जमाखर्चाचा होता. आणि जमाखर्चाचा प्रश्न जेथे विचारावयाचा, ती जागा बोर्डाची सभा हीच होती.

अशा सभेत १८९५ साली गोपाळबाबांना आसन मिळाले. तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. त्याच वर्षी रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकमान्य टिळकांनी निधीची चळवळ सुरू केली. हा रायगड याच महाड तालुक्यातला, आणि पुढल्या वर्षी तेथे उत्सवही झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या मंडपात सामाजिक परिषद भरवू द्यावी की नाही यावरून वाद पेटला आणि परिषदेला दुसरीकडे जावे लागले. राजकीय हक्क आधी की सामाजिक सुधारणा आधी, हा वाद महाराष्ट्रात रंगात आला असताना महाडसारख्या लहान गावी दोन्ही गोष्टी एका खुर्चीवर येऊन बसल्या. गोपाळबाबांचे बोर्डावर असणे हा राजकीय हक्क होता आणि तेच सामाजिक सुधारणेचे पहिले पाऊलही होते. ही दोन अंगे वेगळी करता येतात असे मानणाऱ्या दोन्ही पक्षांना ते अडचणीचे ठरावे यात नवल नाही.

बोर्डाच्या सभेचे स्वरूप मनात आणले की या अडचणीचे मूळ कळते. सभा म्हणजे एकत्र बैठक. तीत एकाच खोलीत बसावे लागते, कागद हातोहात फिरतात, एकाच वहीत सह्या होतात आणि मतमोजणीत प्रत्येक हाताची किंमत एक असते. गावच्या व्यवस्थेत माणसाचे अंतर पावलांनी मोजले जात होते. सभेच्या नियमांत त्या अंतराला जागाच नव्हती. शाळेत ओटी होती, देवळात पायरी होती, पाणवठ्यावर खालची बाजू होती. सभेला ओटी नसते. सभासद हा एक तर सभासद असतो, नाही तर नसतो. म्हणून त्या नेमणुकीने जे दुखावले गेले ते एखाद्या व्यक्तीचे मन नव्हते. समाजाची सारी बैठकव्यवस्था दुखावली गेली होती.

यावर एक आक्षेप संभवतो आणि त्याचा विचार करावयास हवा. गोपाळबाबा लोकांनी निवडलेले नव्हते, परक्या सरकारने नेमलेले होते. मग या आसनाला लोकशाहीच्या दृष्टीने काय मोल, असे कोणी विचारील. परंतु ज्या मतदारसंघात त्यांच्या समाजाला जवळजवळ मतच नव्हते, त्या मतदारसंघाकडून ते निवडून यावेत अशी अपेक्षा करणे म्हणजे विहिरीवर चढू न देता घागर रिकामी का, असे विचारण्यासारखे आहे. शिवाय सरकारही काही निखळ उपकारकर्ते नव्हते. ज्या सरकारने त्यांना बोर्डावर घेतले, त्याच सरकारने दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बांधवांना फौजेतून वगळले होते. गोपाळबाबांनी सरकारच्या एका हातातून खुर्ची स्वीकारली आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या हाताविरुद्ध अर्ज लिहिला. नियुक्त सभासदाने मिंधे असलेच पाहिजे असे नाही, हे पुण्यात फुले यांनी दाखविले होते. गोपाळबाबा त्याच परंपरेतले.

एकट्या सभासदाच्या हाती बहुमत नसते. त्यामुळे अशा माणसाच्या कारकिर्दीचा हिशेब विहिरी मोजून करता येत नाही. आपल्या बसण्याने त्याने कोणता प्रश्न सभेपुढे कायमचा ठेवला आणि त्याच्यामागून येणाऱ्यांसाठी वाट किती रुंद झाली, यावर तो करावा लागतो. १९०० साली गोपाळबाबांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या तीन अग्रक्रमांपैकी एकही सिद्धीस गेलेला नव्हता. शाळेची ओटी होती तेथेच होती, फौजेचे दार बंद होते, पाणवठे बंद होते. या दृष्टीने पाहिले तर ही अपयशाची कहाणी म्हणावी लागेल. पण मातीत पडलेले बी पहिल्या पावसात दिसत नाही.

ठराव आणि पाणी

गोपाळबाबांच्या मृत्यूनंतर चौदा-पंधरा वर्षांनी खाडीकाठच्या दासगावचा एक विद्यार्थी, रामचंद्र बाबाजी मोरे, महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून झगडत होता. हाच तरुण पुढे महाडच्या परिषदेच्या प्रमुख संघटकांत गणला गेला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. आण्याचा जो हिशेब महाडच्या बोर्डापुढे एका आसनाच्या रूपाने उभा राहिला होता, तो आता इलाख्याच्या विधिमंडळाने मान्य केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस यांचे नाव या प्रकरणाशी कायमचे जोडले गेले आहे. स्वतः उच्चवर्णीय असूनही ते चळवळीच्या बाजूस उभे राहिले आणि १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधानसभेत गेले.

ठराव झाला, पण तीन वर्षे पाणी तसेच राहिले. तळ्यावर मुसलमान पाणी भरीत, गुरेढोरे पाणी पीत. ज्यांच्यासाठी ठराव झाला ते मात्र काठाशी येऊ शकत नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली तेव्हा जमलेल्या हजारो लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. सार्वजनिक तळ्याच्या गावात सार्वजनिक ठरावानंतर विकतचे पाणी, हा हिशेब कोणत्याही शाळामास्तराने वर्गात मांडून दाखवावा असा आहे. २० मार्चला डॉ. आंबेडकर जनसमुदायासह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्यात एकशे आठ घागरी ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

यापुढला संघर्ष न्यायालयात गेला. तळे खासगी आहे आणि स्पृश्यांचीच तेथे वहिवाट आहे, असा दावा १२ डिसेंबर १९२७ रोजी दाखल झाला. दोनच दिवसांनी तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. महाडचे न्यायालय, ठाण्याचे अपील आणि मुंबईचे उच्च न्यायालय असा प्रवास करीत १७ मार्च १९३७ रोजी अखेरचा निकाल लागला. तळे नगरपालिकेचे ठरले. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. गोपाळबाबांनी अर्धशतकापूर्वी विचारलेला प्रश्न हाच होता. आधार दाखवा, असे ते म्हणाले होते. आधार दाखविता आला नाही.

१८९५ ते १९३७ ही बेचाळीस वर्षे एकाच तालुक्यात घडली. नेमणूक, ठराव, माघार आणि निवाडा असा तो क्रम आहे. यात वीरांची कमतरता नाही, पण क्रमाचा आरंभ बोर्डातल्या एका आसनापासून होतो, हे महाडच्या सत्याग्रहाचे स्मरण करताना सांगावयाचे राहून जाते. तळ्याकाठी दर वर्षी मार्चमध्ये लोक लोटतात. त्यांच्या वाटेवरून खाडीपट्ट्याकडे एक फाटा फुटतो आणि त्या दिशेला रावढळ आहे, ही आठवण शाळाशाळांतून दिली गेली पाहिजे.

रिकामे आसन

हे सर्व आज का आठवावे? तालुका लोकल बोर्डे १९३८ मध्ये गेली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या आणि अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना स्थानिक संस्थांत राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्राने पुढे स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. गोपाळबाबांना जे आसन सरकारच्या मर्जीने मिळाले, ते आज हक्काने मिळते. हा फरक लहान नाही.

तरीही दोन गोष्टी बोचतात. पहिली अशी की सभेतली ती ओटी नाहीशी झाली आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. राखीव जागेवर निवडून आलेली बाई सभेच्या नोंदवहीत सही करते आणि तिच्या वतीने बोलतो तो तिचा नवरा किंवा दीर. हे चित्र गावोगावच्या शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीच्या कारकुनांना परिचयाचे आहे. आसन मिळाले, पण आवाज ओटीवरच राहिला. नोंदवहीत सह्या पूर्ण असतात, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. १९२४ चा ठरावही नोंदवहीत पूर्णच होता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०२२ नंतर राज्यातील अनेक नगरपरिषदा, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांची मुदत संपली आणि निवडणुकांअभावी त्यांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. कारणे कायद्याची होती, न्यायालयीन होती, हे खरे. पण त्या काळात सभागृहे कुलूपबंद असताना समाजातून मोठा आक्रोश उठला नाही, हेही तितकेच खरे. रस्ते होत होते, नळ वाहत होते, मग सभासद नसले तर काय बिघडले, अशी भावना सुशिक्षितांतही दिसली. कारकीर्द केवळ खडी आणि विहिरी यांनी मोजण्याच्या आपल्या सवयीचा हा परिणाम आहे. ज्या आसनावर एक माणूस बसला म्हणून एके काळी वर्तमानपत्रे हादरली, ती आसने शेकड्यांनी रिकामी राहिली आणि कोणाला फारसे जाणवले नाही.

प्रशासक रस्ता बांधू शकतो, आणि कित्येकदा सभासदांपेक्षा चांगला बांधू शकतो. परंतु या रस्त्याचा पैसा कोणाच्या आण्यातून आला आणि तो कोणाच्या वस्तीपाशी येऊन थांबला, हे त्याला उभे राहून विचारणारा कोणी त्याच्या कार्यालयात नसतो. तो विचारणारा असावा म्हणून सभा असते. फौजेतून परतलेला एक हवालदार आयुष्याच्या उतारावर त्या सभेत जाऊन बसला. तेथे त्याचे स्वागत झाले नाही, म्हणून त्याचे बसणे वाया गेले नाही. आपल्या गावच्या सभासदाला मत देताना त्याने काय बांधले हे अवश्य विचारावे. त्याबरोबर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, तो माणूस बोलतो की नाही, आणि बोलला तर त्याचे म्हणणे नोंदवहीत उतरते की नाही, हेही विचारावे. गोपाळबाबा वलंगकर यांच्या आयुष्याने आपल्या हाती ठेवलेली मोजपट्टी ती हीच.